सोयरूचा आवाज काढताना

डाव्या कानात यंत्रातली बाई,
उजव्या कानात एक्याण्णव सालची काल्याची रात्र.
बाई इतकी भरभर बोलते
की गुरुदास मयेकराने विचारलं, "ही कुठली भाषा?"
मराठीच, म्हटलं. तुमच्या कानाला धाप लागते, एवढंच.

त्याच्या वडिलांनी त्या रात्री राजाचं काम केलं होतं.
वर्षश्राद्धाला घरच्यांना ऐकवायचंय.
"पण तो प्रॉम्प्टर तेवढा काढून टाक.
बाबांच्या प्रत्येक वाक्याआधी त्याचंच वाक्य."
कॅसेट हातावर ठेवली. डांबरगोळ्यांचा वास,
एका कोपऱ्याला चीर.

माउस आहे माझ्याकडे. पावत्यांवर ठेवते,
पंख्याने उडू नयेत म्हणून.
पडद्यावर म्हणे आवाजाचे डोंगर दिसतात.
भाचा सांगतो, "मावशी, हिरवे आहेत, मधेच सपाट."
डिचोलीत डोंगर सपाट होताना मी ऐकलेत:
ट्रकमागून ट्रक, आणि एके दिवशी
परसातला वारा दुसऱ्याच बाजूने वाजतो.

मी बाणांनी चालते.
एक बाण, दहा मिलिसेकंद.
शिफ्ट दाबून धरायचं आणि सरकायचं,
पोदेराच्या टोपलीत हात घालून
उंडो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, चाचपावं तसं.
मग डिलीट. मग पुन्हा ऐकणं.

चवथीच्या आधी नवी आवृत्ती आली
आणि सगळी बटणं मुकी झाली.
बाई नुसती म्हणे: बटण. बटण. बटण. बटण.
औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या
कुणीतरी एका रात्रीत सोलून नेल्या.
मी बनवणाऱ्यांना लिहिलं.
तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं उत्तर आलं.
जुनीच परत बसवली.
आता संगणकाने अपडेट विचारलं की
दारावर वसुलीवाला आल्यासारखी मी गप्प बसते.

तर सोयरू. सोयरू शिंपी.
विंगेत मांडी घालून, मांडीवर वही, दातांत बॅटरी;
म्हणून त्याचा 'स' ओला.
तो लोकांना कधी दिसला नाही.
या बाबतीत सगळं गाव माझ्यासारखं.

त्याची कुजबुज कापली की भोक पडतं.
भोकात कोरी शांतता चालत नाही,
काळोखात नसलेली पायरी उतरावी तसा कान अडखळतो.
तिथे त्याच रात्रीची शांतता हवी.
दुसऱ्या अंकानंतर नऊ सेकंद सापडले:
रातकिडे, लांबचा जनरेटर,
खाज्याच्या दुकानात फाटलेला कागद.
कागद वगळला. उरलेल्याची ठिगळं
दोनशे चौदा ठिकाणी लावली.
शिंप्याला शिंप्याच्याच रीतीने उसवत गेले.

तिसऱ्या अंकात राजा अडकतो.
सोयरू म्हणतो, "माझ्या मुला."
राजा गप्प.
सोयरू पुन्हा, "माझ्या मुला, दार उघड."
चार सेकंद. फळी करकरते. कुणीतरी खोकतं.
मग वहीत नसलेलं, आपल्या बोलीतलं:
"सांग रे बाबा. हांव आसां न्हय हांगा."
आणि राजा बोलतो,
पानभर, न थांबता, आवाज फाटेपर्यंत.

बोट डिलीटवर. डाव्या कानात बाई थांबलेली:
निवड, सहा पूर्णांक दोन सेकंद.
हिलाही कुणी ऐकत नाही माझ्याशिवाय.
बिलं, बँक, भाच्याचा निकाल,
माझ्या प्रत्येक वाक्याआधी हिचंच वाक्य.
मी एस्केप दाबलं.

फाइल पाठवली. तासाभरात गुरुदासाचा फोन.
"एक जागा राहिली गो."
ठाऊक आहे, म्हटलं. त्या जागेचे पैसे लावले नाहीत.
पलीकडे मिक्सर चालू होता.
तो बंद झाला.
"परत लाव," म्हणाला, "तेवढंच. फोनवरच लाव."
स्पेसबार शोधावा लागला नाही,
अंगठा तिथेच होता.